गार इंजिन बघायला कोण जाणार होतं?

उभा राहा आणि ऐक. तुझ्या मेहुण्यांची गाडी खंबाटकी घाटाच्या चढावर उकळली, हे मला त्यांच्याकडून कळलं. तुझ्याकडून कळायला हवं होतं. ३ लाख ६० हजार मोजून घेतलेली गाडी, त्यातले अडीच लाख कर्जाचे, आणि घरी आणून महिनासुद्धा झालेला नाही. मी फोन केल्यावर तू म्हणालास, "सर, हेड गॅस्केट गेलं, अचानक." अचानक हा शब्द तुझ्या तोंडी शोभत नाही. टायर अचानक फुटेल, काच अचानक तडकेल. हेड गॅस्केट महिनोन् महिने कुरकुरत असतं आणि ज्याला ऐकायचं असतं त्याला ते ऐकू येतं. तू ती गाडी बघायला गेलास त्या दिवशीही ती हेच सांगत होती.

माणसं गाडी घेताना फसतात, त्याचं मला नवल नाही. तुझे मेहुणे खतं-औषधं विकतात, सातारा ते पंढरपूर फिरतात, त्यांना सिलिंडर हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये काय असतं हे ठाऊक असण्याचं कारण नाही. म्हणूनच त्यांनी तुला नेलं. तू आयटीआयची दोन वर्षं या वर्कशॉपमध्ये काढलीस, तुझ्या गॅरेजच्या पाटीवर तसं लिहिलेलं आहे, आणि गाडी तपासायचे तू त्यांच्याकडून हजार रुपयेही घेतलेस. पंधरा मिनिटांत म्हणालास, "गाडी ओके आहे." त्या एका वाक्यावर त्यांनी कर्जाच्या कागदांवर सह्या केल्या. त्या वाक्याचा हिशेब मी आज तुझ्याकडे मागतोय.

पहिला प्रश्न. किती वाजता गेला होतास? दुपारी चार. वेळ कुणी दिली? विकणाऱ्यानं. जुन्या डिझेल गाडीची परीक्षा दुपारी चारला होतच नाही. रात्रभर उभ्या राहिलेल्या गार इंजिनावर सकाळी होते. गेल्या गेल्या बोनेट उघडून इंजिनावर हात ठेवायचा, हे मी तुमच्या बॅचला किती वेळा सांगितलं होतं? कोमट लागलं तर किल्लीला हात लावायचा नाही. "दादा, उद्या सकाळी येतो, आम्ही आल्याशिवाय सुरू करू नका" म्हणायचं आणि परत यायचं. तू हात ठेवलास का? नाही. बोनेट उघडलंस तर इंजिन धुऊन-पुसून चकाकत होतं, आणि तेवढ्यावर तू खूश झालास. धुतलेल्या इंजिनावर कुठून ऑइल झिरपतं, कुठल्या नळीच्या तोंडाशी कूलंटचे पांढरट डाग पडलेत, हे कसं दिसणार? गाडी वीस-तीस किलोमीटर पळवून आणल्यावर टॉर्च घेऊन खालून बघायला हवं होतं. टॉर्च तुझ्या खिशात होती, मेहुण्यांनी सांगितलं मला.

आता गार इंजिनानं काय सांगितलं असतं ते ऐक. गॅस्केट झिरपत असेल तर रात्रभरात थोडं पाणी एखाद्या सिलिंडरमध्ये उतरतं. सकाळी पहिल्यांदा सुरू केलं की दहा-पंधरा सेकंद इंजिन एका सिलिंडरवर अडखळतं, सगळी गाडी थरथरते आणि मग आपोआप सुरळीत होते. दुपारी गेलेल्या माणसाला ते पंधरा सेकंद कधीच दिसत नाहीत. सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. पांढऱ्या धुराच्या जाती तुला वेगळ्या सांगता आल्या पाहिजेत. थंडीच्या सकाळी थोडी वाफ निघून पाच मिनिटांत विरली तर चिंता नाही. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला पांढरा धूर आला तर ग्लो प्लग, इंजेक्टर किंवा कमी पडलेलं कॉम्प्रेशन बघायचं. गोडसर वास असेल आणि इंजिन तापल्यावरही धूर हटत नसेल, तर ते कूलंट जळतंय. निळा धूर ऑइलचा. त्यातही फरक आहे. सुरू करताना किंवा बराच वेळ आयडलवर ठेवून रेस केल्यावर एक फुसका येऊन थांबला तर व्हॉल्व्हच्या सील गेल्यात, तो खर्च आटोक्यातला असतो. चढावर, लोडवर सतत निळा येत राहिला तर रिंगा किंवा टर्बोची सील, आणि तिथं खर्चाचा आकडा पार बदलतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर, ईजीआर, टर्बोची फाटलेली नळी, ओघळणारा इंजेक्टर, एकेक करून बघत जायचं. हे सगळं तुझ्या वहीत आहे. वही कुठं आहे तुझी?

आणि पाण्याचं. या गाडीत सगळा गुन्हा पाण्यात होता. रेडिएटरचं झाकण तू उघडलंसच नाहीस. गरम असताना उघडायचं नसतं हे बरोबर, पण गार असताना जायला तुला कुणी अडवलं होतं? झाकणाखाली तांबूस गंजाचं पाणी दिसलं असतं, म्हणजे वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी घातलंय. वर तेलाचा तवंग आहे का, बोटाला चिकट भुकटी लागते का, गळती बुजवायला कुणी पावडर टाकलीय का, हे बघितलं असतंस. इंजिन सुरू करून पाण्याकडे बघत राहिला असतास तर एकसारखे बुडबुडे वर आले असते, कारण सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसत होता. वरच्या रबरी नळीला हात लावला असतास तर सुरू केल्यावर दोनच मिनिटांत ती दगडासारखी टणक झालेली लागली असती. इंजिन तापायच्या आत नळीत एवढा दाब येतो कुठून? याला यंत्र लागत नाही, बोटं लागतात. यंत्रच हवं असेल तर ब्लॉक टेस्टर आहे. रेडिएटरच्या तोंडावर धरला आणि निळं द्रावण डिझेलमध्ये हिरवं, पेट्रोलमध्ये पिवळं झालं की पाण्यात जळका वायू आहे हे सिद्ध झालं. तो टेस्टर आपल्या वर्कशॉपच्या कपाटात आहे आणि मागायला आलेल्या कुठल्याही माजी विद्यार्थ्याला मी आजवर नाही म्हटलेलं नाही.

काल मी गाडी पाहिली. थर्मोस्टॅट काढून टाकलेला आहे. रेडिएटरचा फॅन डायरेक्ट केलाय, किल्ली फिरवली की फिरायला लागतो. हे का करतात ते तुला माहीत आहे, कारण तुझ्याच आळीतली दोन गॅरेजं करतात. इंजिन तापतं, खरा रोग सापडत नाही किंवा शोधायचा नसतो, मग थर्मोस्टॅट काढा, फॅन चालूच ठेवा, आणि गाडी सपाट रस्त्यावर पंधरा-वीस किलोमीटर काटा वर न चढता जाते. टेस्ट ड्राइव्हला तेवढंच पुरतं. किल्ली फिरवताच फॅनचा आवाज आला, तेव्हा तुझ्या कानांना काय झालं होतं? काटा खाली असताना फॅन का फिरतोय, हा एक प्रश्न तू विचारला असतास तर तुझ्या बहिणीचे अडीच लाख वाचले असते. पाच किलोमीटर गेलास तरी तापमानाचा काटा खालीच होता, ते बघून तू म्हणालास, "वा, गाडी तापत नाही." थर्मोस्टॅट ठीक असलेलं इंजिन पाच किलोमीटरमध्ये आपल्या कामाच्या तापमानाला येतं. जे येत नाही, त्याचा थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा जागेवर नाही. तू रोगाचं लक्षण बघून त्याला तब्येतीचं प्रमाणपत्र दिलंस.

आता मीटर. मीटरवर १,४२,००० किलोमीटर होते, २०१४ ची गाडी, म्हणून तू हिशेब केलास की वर्षाला इतके, म्हणजे ठीक. ब्रेकच्या पेडलचं रबर एका कडेला पार झिजून धातू दिसतोय, ते मी काल पाहिलं. स्टिअरिंग गुळगुळीत झालंय, ड्रायव्हरच्या सीटचा फोम एका बाजूला बसलाय. हे दीड लाखाचं घासणं वाटलं तुला? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक वेळी किलोमीटर लिहिले जातात. मेहुण्यांनी आर.सी. घेऊन काल चौकशी केली. २०२० मध्येच ती १,६१,००० ला सर्व्हिसला आलेली आहे. म्हणजे तेव्हापासून गाडी एकोणीस हजार किलोमीटर उलटी चालली! ही चौकशी पैसे देण्याआधी व्हायला हवी होती, आणि ती करायची हे मेहुण्यांना सांगणं तुझं काम होतं.

पण एक गोष्ट नीट समजून घे, नाहीतर यातून भलताच धडा घेशील. दोन लाख किलोमीटर चाललेली गाडी वाईट असते असं मी म्हणत नाही. मुंबई-पुणे हायवेवर पाचव्या गिअरमध्ये शांतपणे पळालेली, वेळच्या वेळी ऑइल बदललेली, खरं मीटर आणि सगळी बिलं असलेली दोन लाखांची गाडी मी डोळे उघडे ठेवून घ्यायला सांगेन. शहरात रोज तीन-तीन किलोमीटर चाललेली, कधी नीट गरमच न झालेली, वर्षानुवर्षं तेच ऑइल पोटात घेऊन फिरलेली साठ हजारांची गाडी तिच्यापेक्षा आतून जास्त झिजलेली असू शकते. झीज कुठं झाली आणि किती झाली, हे शोधणं आपलं काम. मीटरवरचा आकडा त्याच्या जागी कामाला येत नाही.

तू बॅक कॉम्प्रेशन पाहिलंस, हे मेहुण्यांनी सांगितलं. बरं झालं, निदान एक गोष्ट केलीस. कशी केलीस? ऑइल फिलरचं झाकण काढलंस, थोडा वाफारा आला, म्हणालास चालेल. एवढ्या चाललेल्या डिझेलमध्ये थोडा वाफारा येणारच, तिथंवर बरोबर. पण झाकण उलटं करून तोंडावर ठेवून बघितलंस का? ते नाचून उडतं की नुसतं थरथरतं? डिपस्टिक ओढून बघितलीस? दाब जास्त असेल तर ऑइल तिच्या भोकातूनही बाहेर येतं. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ लोण्यासारखा थर होता का? पावसाळ्यात जवळच्या जवळच फिरणाऱ्या गाडीत झाकणापुरती थोडी ओल साचते, त्याला घाबरायचं नाही, पण डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर पाणी ऑइलमध्ये उतरलंय. आणि ऑइल सोनेरी होतं, हे तू मला कौतुकानं सांगितलंस! डिझेल इंजिनाचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं. दीड लाखावरच्या डिझेलमध्ये सोनेरी ऑइल दिसलं की पहिला प्रश्न हाच असतो, काल का बदललं? जुनं काय सांगत होतं?

कॉमन रेल इंजेक्टरचं रिटर्न मोजायला चार पारदर्शक बाटल्या आणि चार नळ्या लागतात. ज्या इंजेक्टरची बाटली इतरांच्या आधी भरते तो आतून गळतोय. अर्ध्या तासाचं काम. हे तू परीक्षेत करून दाखवलं होतंस, मला आठवतं, चांगलं केलं होतंस. म्हणूनच राग येतोय. ज्याला येत नाही त्याच्यावर मी आवाज चढवत नाही.

टेस्ट ड्राइव्हला तर तू मागच्या सीटवर बसलास. पुढं विकणारा चालवतोय, शेजारी मेहुणे, एसी चालू, गाणी चालू. कोण कुणाची परीक्षा घेत होतं? गाणी बंद करायची, काचा खाली करायच्या, चाक आपल्या हातात घ्यायचं. न्यूट्रलमध्ये उभं राहून क्लच दाबल्यावर आवाज सुरू होतो की दाबल्यावर थांबतो, एवढं ऐकायचं. दाबल्यावर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. दाबल्यावर थांबत असेल तर आवाज गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा, आणि तो गिअरबॉक्स उतरवून उघडायला लावतो. सपाट जागी हँडब्रेक लावून चौथ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडायचा, एकदाच. इंजिन झटकन बंद पडलं तर प्लेट धरतेय. ते फिरतच राहिलं तर प्लेट संपली. तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरताना कर्र होतं का, ॲक्सिलेटर सोडल्यावर गिअर निसटतो का, बघायचं. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरायचं, कटकट ऐकू आली की ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट. साठच्या वेगाला चाकातून गुणगुण येत असेल आणि गाडी डावीकडे वळवल्यावर वाढत असेल तर भार उजव्या चाकावर आलाय, बेअरिंग उजवीकडचं. आणि चढ हवा होता, चढ! साताऱ्यात राहणाऱ्याला चढ शोधायला कुठं जावं लागतं का? एसी लावून एक घाट चढवला असता तर गाडीनं विकणाऱ्याच्या देखतच उकळून दाखवलं असतं.

स्कॅनर तू लावलास आणि "कोड नाही" म्हणालास. कोड पुसायला एक बटण लागतं. कोड पुसले की गाडीच्या आतल्या चाचण्याही नव्यानं सुरू होतात आणि पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. त्या चाचण्यांचं पान उघडून "अपूर्ण" दिसलं असतं तर कोड नुकतेच पुसलेत हे कळलं असतं. किल्ली ऑन केल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागतो का आणि सुरू झाल्यावर विझतो का, तेही बघायचं असतं. जो दिवा लागतच नाही, तो बहुधा कुणीतरी बंद केलेला असतो.

बाकीचं पटकन सांगतो, कारण ते तुला येतं. टायरच्या कडेवरचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. चारही टायर नवे आणि स्वस्तातले दिसले तर जुन्यांवरची वाकडी झीज लपवलीय का, हा संशय घ्यायचा. बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टचा रंग खरवडलेला, एप्रनवर वेल्डिंगचे ठिपके वेगळे, तर अपघात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिखलाची रेघ बघायची, सीटच्या रुळाखाली गंज आणि कार्पेटखाली गाळ बघायचा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ मध्ये चिपळूणला किती गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या सगळ्या भंगारात गेल्या नाहीत.

आणि तू जे शेवटी म्हणालास, "सर, जुनी गाडी आहे, काहीतरी असणारच," त्या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय. काहीतरी असणारच, हे मेहुण्यांनाही माहीत होतं. त्यासाठी तुला हजार रुपये कशाला द्यायचे? काय आहे, कुठं आहे, दुरुस्तीला किती लागतील आणि ते किमतीतून किती वळते करायचे, हे सांगायला तुला नेलं होतं. क्लच संपलेली गाडीसुद्धा घेता येते, त्याची किंमत आधी कळली तर. न कळलेला दोष घरी घेऊन आलं की त्याची दुप्पट किंमत तुझी बहीण तिच्या घरखर्चातून भरते.

विकणारा ओळखीचा होता, सकाळी लवकर या म्हटलं असतं तर त्याला राग आला असता, असंही म्हणालास. येऊ दे राग. सकाळी गार इंजिन बघू न देणाऱ्याकडून गाडी घ्यायची नाही, एवढं साधं आहे ते. त्याचा राग सांभाळताना तू तुझ्या माणसाला बळी दिलंस.

आता काम. ते हजार रुपये आज संध्याकाळी मेहुण्यांना परत दे आणि काय चुकलं ते स्वतःच्या तोंडानं सांग. विकणाऱ्याकडे मी तुझ्याबरोबर येईन. सर्व्हिस सेंटरच्या नोंदीचा कागद बरोबर घे. मीटर मागे फिरवल्याचा लेखी पुरावा आहे तो, त्यावर पैसे परत किंवा निदान दुरुस्तीचा खर्च, दोन्हीपैकी एक मागायचं. नाही म्हणाला तर ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची, कागद मी बघून देईन. काहीच जमलं नाही तर हेड आपल्या वर्कशॉपमध्ये उतरवू. स्ट्रेटएज लावून फीलर गेजनं चारी दिशांनी आणि तिरकंही मोज, वाकलं असेल तर मशिनिंगला पाठव, ब्लॉकचा माथाही मोज, तडा आहे का बघ. नुसतं नवं गॅस्केट घालून बंद केलंस तर परत मला तोंड दाखवू नकोस. मजुरी तुझी, मेहुण्यांची नाही. थर्मोस्टॅट नवा बसव, फॅनचं वायरिंग मूळ जागी आण.

आणि गुरुवारी तू हडपसरला कुणासाठी तरी इनोव्हा बघायला चाललायस, २ लाख ३० हजारांची, अडीच लिटर डी-फोर-डी. सकाळी सातला जा, त्याला आजच फोन करून सांग, आणि हो म्हणाला तरच बसमध्ये बस. ती मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. पुढच्या गिअरमधून रिव्हर्समध्ये टाकताना खालून टक् असा आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बघ, वेगात मागून घुमणारा आवाज आला तर डिफरन्शियल. या इनोव्हा मोठ्या संख्येनं टॅक्सीला लागलेल्या असतात, म्हणून आर.सी.वर आधीची नोंद व्यावसायिक होती का ते वाच. त्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड कामातून जातं. बेल्ट कधी बदलला विचार, टेन्शनरसकट बदलल्याचं बिल माग, बिलावरचे किलोमीटर मीटरशी ताडून बघ. बिल नसेल तर बेल्ट जुनाच आहे असं धरून किंमत बोल. आणि जाताना कपाटातला ब्लॉक टेस्टर घेऊन जा, रजिस्टरमध्ये सही करून.